कंपाउंडरबाबांचा वर्षभराचा नाताळ

आख्ख्या वाशीम तालुक्यात, मी तर म्हणते आख्ख्या वऱ्हाडात, नाताळाची तयारी करण्यात आमच्या कंपाउंडरबाबांचा हात धरणारा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. बाकीच्यांचा नाताळ पंचवीस डिसेंबरला येतो आणि त्याच दिवशी मावळतो. बाबांचा नाताळ सव्वीस डिसेंबरला सकाळी सुरू व्हायचा. आदल्या दिवशीची खरकटी भांडी अजून अंगणात पडलेली असायची, दाराला बांधलेली झेंडूची माळ सुकलेलीसुद्धा नसायची, आणि हे आपले पायजमा पोटरीपर्यंत वर करून घराच्या मातीच्या धाब्यावर चढून बसायचे आणि धुतलेल्या मनुका जुन्या धोतरावर वाळत घालायचे. खालून जाणाऱ्या कुणी विचारलं, "काय बाबा, काल झाला ना तुमचा नाताळ?" तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "तो झाला मागचा. पुढचा आता तीनशे चौसष्ट दिवसांवर येऊन ठेपला, अन् तुमी असे हात हलवत फिरून राह्यले!" विचारणारा बिचारा ओशाळून जायचा. आपल्या घरी नाताळ नसतो हेसुद्धा त्याच्या क्षणभर लक्षात यायचं नाही.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा नाताळ म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं. माझं माहेर मानोऱ्याकडचं. तिकडे पोळा माहीत, दिवाळी माहीत, पोहरादेवीची जत्रा माहीत. सासर म्हणजे वाशीमच्या कडेला भाजीपाल्याचा मळा, आणि मळ्याच्या बोरकाट्यांच्या कुंपणापलीकडे चुना लावलेलं एक बुटकं घर. त्या घरात हे बाबा राहायचे. मिशनच्या दवाखान्यात पंचवीस-तीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधून घरी बसलेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. नोकरी सुटली होती, पण अंगावरचा पांढरा कोट काही सुटला नव्हता. दळण आणायचं तरी कोट, गोवऱ्या थापायच्या तरी कोट. मी सासरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी भांडी घासत होते, तर कुंपणावरून आवाज आला, "काय वं सूनबाई, तुमच्या माहेरी करंजीच्या सारणात खसखस किती घालतात?" मी दचकले. म्हटलं, "कायले?" म्हणाले, "नाताळासाठी." म्हटलं, "कवा असते तो?" तर म्हणाले, "आता जवळच आला. आठ महिने." वैशाखाचं ऊन डोक्यावर तापत होतं आणि माझ्या हातावरची लग्नाची मेंदी अजून गेली नव्हती. मला वाटलं, या माणसाला ऊन लागलं असावं.

त्यांच्या घरात डबा म्हणून नव्हता. होत्या त्या सगळ्या औषधाच्या बाटल्या. नोकरीच्या सगळ्या वर्षांत फुटक्या-तुटक्या, बुचं हरवलेल्या जेवढ्या बाटल्या दवाखान्यातून टाकून दिल्या, तेवढ्या बाबांनी उकळत्या पाण्यातून काढून भिंतीवरच्या फळ्यांवर मांडलेल्या. एकीत मनुका, एकीत चारोळ्या, एकीत वेलदोडे, एकीत वाळवून कुटलेल्या संत्र्याच्या साली. आणि प्रत्येक बाटलीला डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी, औषधाच्या बाटलीला असायची तश्शी. आषाढ संपेस्तोवर मनुका या खुणेच्या खाली जाता कामा नये, भाद्रपदात या खुणेपर्यंत, असा त्यांचा कडक हिशेब. गल्लीतल्या पोरांनी हात मारू नये म्हणून जुनी छापील लेबलं मुद्दाम तशीच ठेवलेली. मनुकांच्या बाटलीवर "फक्त बाहेरून लावण्यासाठी" आणि चारोळ्यांच्या बाटलीवर चक्क "विष". एका वर्षी मिशनमध्ये नवे पाद्रीसाहेब आले. त्यांनी नाताळाचा केक दोनदा मागून घेतला आणि कौतुकानं विचारलं की, यात एवढं चवदार काय घातलं आहे? बाबांनी मोठ्या अभिमानानं दोन्ही बाटल्या आणून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. पाद्रीसाहेबांनी लेबलं वाचली, हातातला तुकडा खाली ठेवला आणि डोळे मिटून तिथल्या तिथं गुडघे टेकले. बाबा पुढे कितीतरी वर्षं सांगायचे, "इतकी मनापासून प्रार्थना त्यायनं देवळातही कधी केली नाई बावा!"

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला वर्षाचा बेत चिकटवलेला होता. चैत्रात गहू निवडून वाळवायचे. वैशाखात रानातून येणाऱ्या बायांकडून चारोळ्या घ्यायच्या. ज्येष्ठात कच्च्या पपईच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवून पाकात टाकायच्या. आषाढात गाण्यांची तालीम. ही तालीम म्हणजे एक शिक्षाच होती. बाबांचा आवाज फुटक्या घागरीचा, हातात टाळ, आणि साथीला मिशनच्या शाळेचा एक बहिरा शिपाई. शेतकरी पेरणीच्या घाईत चिखल तुडवत निघालेले आणि इकडे बाळ येशूच्या जन्माचा जयजयकार चाललेला. माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, वाफ्यात बसल्या बसल्या ओरडायचे, "काय गा बुढ्या, तुया देव यंदा आषाढातच जलमला काय?" श्रावणात बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन चांदणी करायला बसायचे. श्रावणातली ओल ती, कागद सुटायचा. भादव्यात पुन्हा चिकटवायचा, पुन्हा सुटायचा. शेवटी दिवाळीत ती चांदणी आमच्या दाराला आठ दिवस टांगून "टिकते का पाहू" म्हणून परीक्षा व्हायची. आम्हाला त्यामुळे वर्षानुवर्षं आकाशकंदील घ्यावाच लागला नाही.

आणि केक! भट्टी नाही, काही नाही. एक जाड बुडाचा गंज, म्हणजे उभं पातेलं, त्यात खाली वाळूचा थर, वर झाकण, झाकणावर निखारे, आणि पुढ्यात पाट टाकून हातात घड्याळ घेतलेले बाबा. पपईच्या फोडींना दवाखान्यातल्या मिश्चरचा तांबडा रंग दिलेला. एका वर्षी ओव्याच्या अर्काची बाटली नीट धुतली गेली नव्हती, तेव्हा आख्ख्या केकाला ओव्याचा वास लागला. खाणारे म्हणाले की पोट मात्र झकास साफ झालं. बाबांनी त्याची लगेच बेताच्या कागदावर नोंद करून टाकली.

असल्या माणसाला हसणार नाही तर काय करणार? मीही पोट धरधरून हसले. पण त्या कपाटात बेताच्या खाली आणखी एक कागद होता, आणि तो पाहिल्यापासून माझं हसू जरा कमी झालं. ती नाताळाला जेवायला येणाऱ्यांची यादी होती. भिकाऱ्यापासून पाद्रीसाहेबापर्यंत सगळे त्यात. आला-जेवला की नावापुढे बाबा लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचे. यादीतलं पहिलं नाव दर वर्षी एकच. आमच्या मामाजींचं. आणि त्या नावापुढे एकाही वर्षी खूण नव्हती.

बाबा आणि मामाजी एकाच खेड्यातले, एकाच वयाचे, एकाच पारावर खेळलेले. ते सात-आठ वर्षांचे असताना तो मोठा दुष्काळ पडला. बाबांचे माय-बाप, दोन बहिणी, सगळे गेले. उरलेल्या पोराला मिशनवाल्यांनी उचलून नेलं, वाढवलं, शिकवलं, कंपाउंडर केलं. पुढे मामाजींनी वाशीमला मळा घेतला आणि नेमका बाबांच्या घराला लागून घेतला. दोघांची मैत्री अशी की मळ्याला पाणी देताना मामाजी इकडून शिव्या देणार आणि बाबा तिकडून उत्तरं देणार. एकाला ताप आला की दुसरा कुंपणाशी येऊन उभा. आमच्या दिवाळीचा फराळ बाबांकडे जायचा आणि ते चाटून-पुसून खायचे. पण मामाजींनी बाबांच्या घरी कधी घोटभर पाणी घेतलं नाही. सुपारीचं खांडसुद्धा नाही. नाताळाच्या सकाळी मामाजी धुतलेलं धोतर नेसून तिकडे जायचे, बाहेर निंबाखाली बाजेवर बसायचे, चार गोष्टी करायचे आणि उठून यायचे. आत बाबांनी त्यांच्यासाठी पाट मांडून ताट वाढलेलं असायचं. सगळे जेवून गेले की बाबा त्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवायचे.

त्या काळी आमच्याकडे रीतच होती. परधर्मातल्या घरचं शिजवलेलं खायचं नाही, पण कोरडा शिधा चालायचा. गहू, डाळ, गूळ, तूप. त्याला विटाळ नाही. म्हणून बाबा दर नाताळाला आमच्याकडे सुपात शिधा पाठवायचे. मामाजी ते सूप दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि दारात जो पहिला मागणारा येईल त्याच्या झोळीत रिकामं करायचे. वर त्या दिवशी स्वतः जेवायचे नाहीत. "आज मले भूक नाई," एवढंच. मला त्यांचा असा संताप यायचा म्हणून सांगू! मनात म्हणायचे, शिध्यालाही विटाळ मानतो हा म्हातारा? अन् वरून उपास धरतो, जसा काही त्याच्या डोळ्यांना नाताळ दिसला तेवढ्यानंच बाटला! सासरा म्हणून तोंड मिटून होते. पण मी मूळची तोंड मिटून बसणारी बाई नव्हे.

मग ते लढाईचं वर्ष आलं. साखर मिळेना, रॉकेल मिळेना. सव्वीस डिसेंबरला सकाळी बाबा मनुका वाळत घालायच्या ऐवजी सरळ आमच्या अंगणात आले. मामाजी बाजारात गेले होते, ते जायची वाट बघूनच आले असणार. म्हणाले, "सूनबाई, पुढच्या नाताळाचा केक तू करशील. तुया चुलीवर." मी म्हटलं, "बाबा, काहीही काय!" तर म्हणाले, "ऐक तं खरं. गहू तुमचे, गूळ तुमचा, तूप तुमच्या म्हशीचं, पानी तुमच्या हिरीचं, हात तुये. अंडं तुमच्या घरात चालत नाई, तं अंडंही नाई. मनुका मी कोऱ्या देईन, शिधा म्हनून. आता सांग, बुढ्यापाशी बहाना काय राह्यते?" आणि जरा थांबून, कोटाचं बटण चाळवत म्हणाले, "मी काही जलमभर राहनार नाई माय. एकदा त्यानं माह्या घरी खाल्लं पाह्यजे." त्यांचा आवाज असा झाला की मी हो म्हणून बसले. पुढचं वर्षभर तो केक माझ्या मानगुटीवर बसला.

बाबा कधी आमच्या स्वैपाकघराचा उंबरा ओलांडायचे नाहीत. मामाजी मळ्यात गेले की बाहेर ओट्यावर पाट टाकून बसायचे, घड्याळ काढायचे आणि तिथून मला हुकूम सोडायचे. "तीन औंस तूप घे." मी आतून म्हणायची, "औंस-बिंस माह्या घरात नाई. मुठीनं सांगा, नाई तं जा." "अवं, मुठीचं कुठी माप असते काय? तुयी मूठ केवढी, माह्यी मूठ केवढी!" "मंग याच आत अन् घाला तुमच्या मुठीनं!" असं म्हटलं की घड्याळाला चावी देत बसायचे. मग थोड्या वेळानं बारीक आवाजात, "हालवून घेतलं का?" पहिला केक चैत्रात केला, तो कोळसा झाला. म्हशीनंही हुंगून तोंड फिरवलं. ज्येष्ठातला वरून छान तांबूस, आतून पिठलं. श्रावणातला असा कडक की बाबांनी तो कोटाच्या खिशात घालून नेला आणि दाराला वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकू लावला. दर वेळी मामाजी मळ्यातून नाक वर करत यायचे, "काय जळून राह्यलं?" मी म्हणायची, "पापड." एकदा म्हणाले, "सूनबाई, सहा महिने झाले, तुले पापड भाजता येऊन नाई राह्यला?" मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. दसऱ्याच्या सुमारास मात्र एक केक असा उतरला की गंजाचं झाकण काढल्याबरोबर वास पार विहिरीपर्यंत गेला. ओट्यावर बाबांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि घड्याळ मिटून म्हणाले, "जमलं. आता हात हालू देऊ नको."

नाताळाच्या सकाळी मी गंज फडक्यात बांधून डोक्यावर घेतला आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले. आमचे हे भाजी घेऊन बाजारात. चांदणी दारात टांगलेली, शेणानं सारवलेलं अंगण, मिशनची माणसं आत पंगतीला बसलेली. मामाजी निंबाखाली बाजेवर, नेहमीसारखे. बाबा नवा कोट घालून दारात उभे. मी गंज मामाजींपुढे ठेवला, फडकं सोडलं, केक कापला आणि तुकडा पळसाच्या पानावर ठेवून पुढे केला. म्हटलं, "मामाजी, हा म्या केला. आपल्या गव्हाचा, आपल्या चुलीवर. आत येऊन पाटावर बसा अन् खा."

मामाजींनी तुकड्याकडे पाहिलं. हात काही पुढे केला नाही. म्हणाले, "मले मालूम होतं. पापडाले कोनी गूळ घालते काय?" मग मान खाली घालून, "मले भूक नाई, पोरी."

झालं. वर्षभर चुलीपुढे भाजलेली मी, माझा पाराच चढला. सासरा आहे, चार माणसं आहेत, कशाचं भान राहिलं नाही. म्हटलं, "काहून भूक नाई? आता काय बाटते यात? माह्ये हात बाटले का तुमची म्हैस बाटली? हा मानूस वर्षाचे बारा महिने तुमच्यासाठी ताट वाढून बसते, अन् तुमी त्याच्या दारात येऊन धर्म दाखवता! असला धर्म नसला तं काय बिघडते?"

आतले जेवणारे थांबले. बाबा म्हणाले, "सूनबाई, राहू दे." मला वाटलं, आता म्हातारा उठणार आणि मला माहेरी धाडणार. पण मामाजी बसूनच राहिले. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. मग बोलले, ते माझ्याशी नाही, मातीशीच बोलल्यासारखे.

"धर्म कायचा आला, पोरी. त्या दुष्काळात हा आमच्या दारात आलता. दोन दिसाचा उपाशी. याची माय आदल्या दिवशीच गेलती. आमच्या घरात एक पायली ज्वारी होती, अन् आमी पाच पोरं. मायनं दार लावून घेतलं. मी आत भाकर खाऊन राह्यलो होतो. हा भाईर उभा राहून माह्या नावानं हाका मारे. सारख्या हाका मारे. म्या ओ देल्ली नाई. तोंडात भाकर होती न." मामाजींनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "त्याले आपल्या दारातून उपाशी लावून देल्लं, आता त्याच्या घरचं मी कोन्या तोंडानं खाऊ? त्याचा सन आला का माह्या गयातून घासच उतरत नाई."

मी तिथेच जमिनीवर बसले. मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं या माणसाचा उपास पाहून मी मनातल्या मनात त्याला नावं ठेवली होती. आणि तेव्हाच कपाटातल्या त्या बाटल्या, ते बेत, वर्षभर आधी वाळत घातलेल्या मनुका, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्या दारातून परतलेलं ते पोर पुढे आयुष्यभर साठवत राहिलं, आणि साठवलं ते दारात येणाऱ्याला वाढण्यासाठी.

बाबांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, परत घातला. म्हणाले, "मले मालूम हाय ना. वास येऊन राह्यला होता भाकरीचा." मग एकाएकी त्यांचा आवाज चढला. "एवढंच होय रे लेका? अन् मले वाटे तुले माह्या येशूचा राग हाय! एवढ्यासाठी मले बिनअंड्याचा केक करा लावला? वर्षभर या पोरीच्या शिव्या खाल्ल्या म्या!"

कुणी हसलं नाही. मग बाबा अंगणात उतरले, बाजेपासून चार पावलांवर उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. मामाजींचं लहानपणचं नाव घेऊन. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं. घरात ते नाव घेणारं कुणी उरलंच नव्हतं. मामाजी खाली बघत राहिले. बाबांनी दुसऱ्यांदा हाक मारली. बाजूच्या वाफ्यातली पाखरं उडाली. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मामाजींनी मान वर केली. चांगला पन्नाशी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा तो माणूस पोरासारखा म्हणाला, "ओ."

"चाल, जेवाले," बाबा म्हणाले.

मामाजी आत गेले. झाकून ठेवायच्या त्या ताटावर बसले. केकाचा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि डोळ्यांतलं पाणी गालावर वाहू देत चावत राहिले. बाबा पुढ्यात उकिडवे बसून एखाद्या रोग्याकडे पाहावं तसे पाहत होते. "कसा हाय?" मामाजींनी गिळलं. "वव्याचा वास येते," म्हणाले. मग मात्र आख्खं घर असं हसलं की बहिऱ्या शिपायालाही ऐकू गेलं. बाबा उठले, कपाटाकडे गेले आणि त्यांनी लाल पेन्सिल शोधली. पेन्सिल दर वर्षी त्याच जागी ठेवलेली असायची, पण त्या दिवशी त्यांना ती सापडेना. शेवटी मीच काढून दिली.

त्यानंतर दोघे चार नाताळ एका पंगतीत जेवले. सव्वीस डिसेंबरला धाब्यावर आता दोन म्हातारे दिसायचे. एक मनुका पसरायचा, दुसरा पाखरं हाकलायचा, आणि दोघे मिळून खालून जाणाऱ्याला वेळेचं महत्त्व सांगायचे. पाचव्या वर्षी भाद्रपदात बाबांना ताप आला आणि पाचच दिवसांत ते गेले. मामाजी उशाशी होते. कपाट उघडलं तर गहू निवडलेले, पपई पाकात, चांदणीच्या कामट्या बांधून तयार, यादी लिहिलेली. तयारीत कशाची म्हणून कमी नव्हती. खालच्या फळीवर मनुकांची एक वेगळी बाटली होती. तिला नवं कोरं लेबल लावलेलं. मामाजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती माझ्या हातात दिली, "पाय बरं, काय लिवलं हाय? विष हाय का?" मी वाचलं. वर मामाजींचं ते लहानपणचं नाव होतं आणि खाली बाबांच्या किरट्या अक्षरात, "वर्षातून एक डोस. दोघांनी मिळून. हालवून घ्यावे." पट्टीला दोनच खुणा कातरलेल्या होत्या, एकेकाच्या वाट्याची एक. मामाजींनी बाटली कानाशी धरून हालवली, पुन्हा हालवली, आणि मग बाटली छातीशी धरून मोठमोठ्यानं रडले.

त्या नाताळाला यादीतली सगळी माणसं जेवली. केक मी केला. मामाजींनी त्या बाटलीतल्या मनुका पहिल्या खुणेपर्यंत घेतल्या आणि उरलेल्या तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडायला उठले, तर ते बोहारणीला द्यायला काढलेलं जुनं धोतर घेऊन धाब्याच्या शिडीवर चढत होते. मी खालून विचारलं, "मामाजी, कुठी चालले?" वळून रागानंच म्हणाले, "तीनशे चौसष्ट दिवस राह्यले अन् तू झाडत बसली!"

मामाजीही गेले. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. बाबांच्या घरात दुसरी माणसं आली, बोरकाट्यांचं कुंपण जाऊन भिंत आली. ती बाटली मात्र माझ्याकडे आहे. आज सव्वीस तारीख. सकाळी मनुका धुऊन गच्चीवर टाकल्या. नातसून म्हणाली, "आजी, अजून वर्ष पडलं हाय." मी मनुकांवरची पाखरं हाकलली. वाळल्या की भरीन, आणि जुनी पट्टी सुटली आहे म्हणून नवी कातरून ठेवली आहे, दोन खुणांची.